एकाच दिवशी दोघांचं पोट उघडलं, मग पू बाबांच्याच जखमेत का?

प्रश्न साताऱ्याकडच्या एका मुलाचा आहे. वडील ५६ वर्षांचे, पंधरा वर्षांचा मधुमेह, फॅटी लिव्हरचं पुढे सिरॉसिस झालेलं, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत गेलेलं. यकृत प्रत्यारोपणाच्या आधी तीन आठवडे ते गावाजवळच्या एका रुग्णालयात दाखल होते. तिथे पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन झालं म्हणून भारी अँटिबायोटिक्स चालली, शेवटी दोनदा डायलिसिसही लागलं. मेल्ड स्कोअर, म्हणजे यकृत किती खालावलं आहे त्याचा आकडा, २९. मुलाच्या धाकट्या भावाने वडिलांना यकृताचा उजवा भाग दिला. दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी, शेजारशेजारच्या थिएटरमध्ये झाली. भाऊ आठव्या दिवशी घरी गेला, जखम एकदम कोरडी. वडिलांच्या जखमेतून नवव्या दिवशी पू यायला लागला. कल्चरमध्ये, म्हणजे पूमधले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, बहुतेक औषधांना दाद न देणारा. आता आत्या म्हणते भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली म्हणून झालं. भाऊ विचारतो, माझ्याच लिव्हरमध्ये काही खोट होती का? आणि मुलगा मला विचारतो की रुग्णालयाचा हलगर्जीपणा आहे का. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: आई माळकरी, घरात अंडं येत नाही, मग बाबांना प्रोटीन कुठून द्यायचं?

भावाला आजच फोन करून सांगा की त्याच्या यकृतात खोट नव्हती. असती तर कुठल्याही सर्जनने ते घेतलंच नसतं. त्याच्या यकृताचा या प्रकरणाशी थोडा संबंध असू शकतो, तो पुढे सांगतो, पण तो दोष नव्हे.

आता मूळ प्रश्न. तुम्ही नकळत एक छान तुलना समोर ठेवली आहे. रुग्णालय तेच, दिवस तोच, हत्यारं निर्जंतुक करणारी खोली तीच, वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशी त्याच, आडनावसुद्धा तेच. तरी एक जखम कोरडी आणि दुसरीत पू. तेव्हा दोघांत जे सारखं होतं ते बाजूला ठेवू आणि जे वेगळं होतं तेवढंच बघू. मी वीसेक वर्षं यकृत बसवण्याचं काम करतो आहे. नव्या मुलांना शिकवताना मीही हेच करतो: दात्याची फाइल आणि ज्याला यकृत बसवलं त्याची फाइल, दोन्ही शेजारी उघडायला लावतो.

दात्याच्या जखमेत पू होणं तसं क्वचित. ज्याला यकृत बसवतात त्याच्या बाबतीत मात्र जगभरच्या केंद्रांचे आकडे दहातल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत जातात. एवढा फरक पडतो कारण केंद्रं वेगळी, रुग्ण वेगळे, आणि इन्फेक्शन म्हणायचं कशाला तेही वेगळं. ऑपरेशननंतर ३० दिवसांच्या आत झालं तर ते ऑपरेशनच्या जागेचं इन्फेक्शन धरतात, आणि त्याचे तीन थर मानतात: नुसती कातडी आणि खालची चरबी, त्याखाली स्नायूंचा थर, आणि सगळ्यात खाली पोटाच्या आत, यकृताच्या भोवती. घरच्यांना तिन्ही वेळा बाहेर एकच दिसतं: टाक्यांमधून पू. मला मात्र पू दिसला की पहिली शंका येते ती तिसऱ्या थराची. वरची जखम ही पुष्कळदा आतल्या गोष्टीची फक्त मोरी असते. तुमच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला असेल तर तो याच शंकेपायी.

चला, फाइली उघडू. भाऊ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरून आला. चालत आला. रात्री साबणाने आंघोळ केली आणि झोपला. वडील तीन आठवडे कॉटवर होते.

हे तीन आठवडे माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात वजनदार भाग आहे. आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात क्लेब्सिएला, ई. कोलाय असे जंतू राहतात, त्यात वावगं काही नाही. भावाच्या पोटातले जंतू साधे, गावातले म्हणा. वडिलांना मात्र तीन आठवडे भारी औषधं मिळाली. त्यात साधे जंतू मेले आणि औषधांना न जुमानणारे तेवढे उरले. शिवाय रुग्णालयातले मुरलेले जंतू हातांवरून, कॉटच्या कठड्यांवरून, लघवीच्या नळीवरून येऊन त्यांच्या आतड्यात वस्ती करून बसले. त्यांनी कसलाही त्रास दिला नाही, ताप आला नाही, कोणाला कळलंही नाही. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये असे जंतू फार झाले आहेत. अशा जंतूंमधल्या, औषध निकामी करणाऱ्या एका एन्झाइमला २००९ साली नवी दिल्लीचं नाव मिळालं, एनडीएम म्हणतात त्याला, आणि त्यावरून बराच राजकीय गहजबही झाला होता. नाव कोणाचंही द्या, जंतू इथे आहे हे खरं. मागच्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक्स मिळालेला, ऑपरेशनआधी आयसीयूत राहिलेला रुग्ण समोर आला की मी गृहीत धरतो की तो असं काहीतरी बरोबर घेऊन आला आहे. म्हणून बरीच केंद्रं आधी गुदद्वारातून एक स्वॅब घेतात. ऐकायला ओशाळवाणं वाटतं, काही नातेवाईक भांडतातही, पण त्या एका काडीवरून ऑपरेशनच्या वेळी कोणतं औषध हाताशी ठेवायचं ते ठरवता येतं.

जंतू आला तरी त्याला अडवणारा शिपाई असतो. यकृत हे फक्त पचनाचं इंद्रिय नाही. आतड्याकडून येणारं सगळं रक्त आधी यकृतातून गाळून पुढे जातं, आणि तिथे जंतू गिळणाऱ्या पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. सिरॉसिसमध्ये यकृत दगडासारखं होतं, रक्त आडवाटेने, बगल देऊन निघून जातं, गाळणी चुकते. जंतूंशी लढणारी बरीचशी प्रथिनं यकृतच बनवतं, तीही कमी पडतात. म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून देतात ती प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी सुरू व्हायच्या आधीच तुमच्या वडिलांची प्रतिकारशक्ती खालावली होती. मेल्ड स्कोअर हा यकृत किती खालावलं आहे याचा अंदाज देतो. बिलिरुबिन (काविळीचा आकडा), रक्त गोठण्याची चाचणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचा आकडा) यांवरून तो काढतात, पुढे त्यात सोडियमही आलं. तो ६ पासून ४० पर्यंत जातो. २९ म्हणजे बराच वरचा. त्यात डायलिसिस. मूत्रपिंडं बसलेल्या माणसाची जखम भरायला वेळ लागतो आणि चिघळायला कमी लागतो, हे आम्ही रोज बघतो.

आणि तब्येत. सिरॉसिसचा माणूस कपड्यांत बघू नका. वजनकाट्यावर ७२ किलो भरतं, त्यातलं आठ-दहा किलो पोटातलं आणि पायांतलं पाणी असतं. शर्ट काढला की कळतं: पोट नगाऱ्यासारखं आणि दंड काडीसारखे, कानशिलांत खड्डे, गळ्याखालची हाडं वर आलेली. टाके धरून ठेवायला मांस लागतं, ते नसतं. आधी जाड असलेल्या माणसात तर दुहेरी पंचाईत होते: कातडीखाली चरबीचा जाड थर, ज्याला रक्तपुरवठा बेताचा, आणि त्याखालचे स्नायू मात्र झिजलेले. यात आपल्याकडच्या एका जुन्या समजाने भर घातली आहे. लिव्हरवाल्याला डाळ बंद, अंडी बंद, दूध बंद, फक्त भाताची पेज आणि ग्लुकोज. प्रोटीनने भ्रम होतो, माणूस बेशुद्ध होतो म्हणून. कधीकाळी डॉक्टरच असं सांगायचे, त्यामुळे मी घरच्यांना बोलत नाही. पण आता सल्ला नेमका उलटा आहे: किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊनच झोपायचं, कारण सिरॉसिसच्या माणसाला एका रात्रीचा उपास आपल्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा लागतो. ज्यांच्या घरी प्रत्यारोपण अजून व्हायचं आहे त्यांनी या परिच्छेदावर बोट ठेवावं. अल्ब्युमिनच्या, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाच्या, बाटल्या चढवून रिपोर्टातला आकडा वाढतो, दंड भरत नाहीत.

आता थिएटर. भावाचं ऑपरेशन सहा-सात तासांचं झालं असेल, रक्त बहुधा एकही पिशवी लागली नसेल. वडिलांचं दहा-बारा तास चाललं असेल. सिरॉसिसमध्ये यकृतातून वाट न मिळालेलं रक्त पोटाच्या भिंतीतल्या शिरांमधून जातं, त्या करंगळीएवढ्या फुगलेल्या असतात. नुसती कातडी आणि स्नायू कापतानाच रक्ताचा पाट लागतो, आणि गोठण्याची शक्ती कमी म्हणून ते थांबत नाही. कोणाचं आधी पित्ताशयाचं किंवा यकृताचं ऑपरेशन झालेलं असलं तर आतडी यकृताला चिकटलेली असतात, ती सोडवण्यातच तीन तास जातात आणि आतड्याला कुठे छेद गेला तर जंतूंना दार उघडंच. दुसऱ्यांदा प्रत्यारोपण असेल तर विचारायलाच नको. रक्ताच्या पिशव्या जितक्या जास्त तितकं जखमेचं इन्फेक्शन जास्त, हे एकामागून एक अभ्यासांत दिसलं आहे. दुसऱ्याचं रक्त शरीराची लढाऊ यंत्रणा काही काळ सुस्त करतं हे एक कारण. पण मला विचाराल तर बऱ्याच पिशव्या लागल्या याचा अर्थच ऑपरेशन अवघड गेलं असा असतो. पिशवी गुन्हेगार किती आणि साक्षीदार किती हे वेगळं काढणं कठीण आहे.

चीर कुठे दिली तेही बघा. बरगडीखालून आडवी आणि मधून वर उभी, अशी तीन टोकांची चीर असते, तिला आम्ही मर्सिडीज म्हणतो, गाडीवरच्या चिन्हासारखी दिसते म्हणून. (पेशंटला सांगितलं की तो हमखास म्हणतो, गाडी नाही तर निदान खूण तरी मिळाली.) हल्ली बरेच जण इंग्रजी जे अक्षरासारखी चीर देतात. तीन टोकं जिथे भेटतात त्या कोपऱ्याला रक्त सगळ्यात कमी पोचतं. माझ्या अनुभवात जखम काळी पडायला किंवा उघडायला सुरुवात तिथूनच होते, आणि पुढे हर्नियाही तिथेच येतो. ड्रेसिंग करताना सिस्टर तो कोपरा आधी बघतात.

एक आठवण सांगतो, कारण ती माझ्याच गाफीलपणाची आहे. मी फेलो होतो, म्हणजे मोठ्या सर्जनच्या हाताखाली शिकत होतो. चौदा तास चाललेली केस, रक्त खूप गेलेलं. चीर देण्याआधी अँटिबायोटिक दिलं, तेही वेळेत, तासाभराच्या आत. मग सगळे कामात बुडालो. चौदा तासांत दुसरा डोस द्यायचा राहून गेला. कोणी विसरलं असं म्हणण्यापेक्षा प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने दिला. ही औषधं रक्तात फार वेळ टिकत नाहीत. सेफाझोलिन असेल तर चार तासांनी पुन्हा द्यावं लागतं, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम असेल तर दोन तासांनी, आणि दीड लिटरच्या वर रक्त वाहून गेलं तर घड्याळ न बघता द्यायचं, कारण औषधही त्या रक्ताबरोबर बादलीत गेलेलं असतं. त्या पेशंटची जखम सहाव्या दिवशी उघडली. त्या एका डोसानेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तेव्हापासून माझ्या थिएटरमधल्या पांढऱ्या फळ्यावर सगळ्यात वर पुढच्या डोसाची वेळ लिहिलेली असते, आणि ती वेळ झाली की भूलतज्ज्ञ मोठ्याने ओरडतात.

गारठा हाही एक शत्रू आहे. यकृत चार अंशांवर, बर्फाच्या पेटीतून येतं. ते पोटात ठेवून रक्त सोडलं की सगळं शरीर एकदम गार पडतं. गार कातडीला रक्त कमी, रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी, आणि पांढऱ्या पेशींना जंतू मारायला प्राणवायू लागतो. म्हणून अंगाखाली गरम हवेची गादी, सलाइन गरम करून. आणि साखर. नव्या यकृताला रक्त सुरू करताना स्टिरॉइडचा मोठा डोस देतात, वर शरीरावरचा ताण, वर तुमच्या वडिलांचा जुना मधुमेह. साखर २०० च्या पुढे जाऊन तशीच रेंगाळली की जखम चिघळण्याचा धोका ठळकपणे वाढतो. पुढे टॅक्रोलिमस, म्हणजे ती प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी, तेसुद्धा साखर वाढवतं. भावाच्या फाइलमध्ये यातलं एकही पान नाही.

आता भावाच्या प्रश्नाकडे येतो, आणि जरा थांबून सांगतो, कारण इथेच बहुतेक गोष्टी बिघडतात.

यकृत जोडताना शिरा जोडायच्या, धमनी जोडायची आणि पित्तनलिका जोडायची. शिरा आणि धमनी जमल्या की थिएटरमध्ये सगळे सुस्कारा टाकतात, पण मी स्वतः पित्तनलिकेपाशी सगळ्यात जास्त घाबरतो. यकृत प्रत्यारोपण रुजवणाऱ्या सर्जनांपैकी एक, केंब्रिजचे रॉय कॅल्न, यांनी या जोडाला अकिलीसची टाच, म्हणजे सगळ्यात कमकुवत जागा, म्हटलं होतं, ते आजही खोटं ठरलेलं नाही. मृत दात्याचं अख्खं यकृत असलं तर एक जाड नळी मिळते, तिला पेशंटची नळी जोडली की झालं. जिवंत दात्याकडून मात्र यकृत मधोमध चिरून घ्यावं लागतं. आपल्या देशात बहुतांश प्रत्यारोपणं अशीच होतात. मग दोन गोष्टी उद्भवतात. एक म्हणजे चिरलेला उघडा पृष्ठभाग, तळहाताएवढा, ज्यावरच्या सुतासारख्या नळ्यांमधून पित्त झिरपू शकतं. दुसरं म्हणजे नळ्यांची रचना माणसागणिक वेगळी. कोणाच्या उजव्या भागाला एकच नळी असते, कोणाला दोन, कधी तीन, तांदळाच्या दाण्याएवढ्या तोंडाच्या. तुमच्या भावाला दोन असतील तर ते त्याच्या जन्माचं आहे, जशी कोणाच्या हाताची शीर चटकन सापडते आणि कोणाची नाही. नळ्या लहान किंवा जास्त असल्या की कधी पेशंटच्या नळीऐवजी आतड्याचा एक फाटा वर ओढून त्याला जोडाव्या लागतात. आतडं उघडलं म्हणजे आतला ऐवज थोडा तरी बाहेर येणार. असा आतड्याशी केलेला जोड हे जखमेच्या इन्फेक्शनचं ठरलेलं कारण म्हणून सगळीकडे नोंदलेलं आहे.

आणि पित्त गळलं तर? यकृताखाली पित्त साठलं की ते जंतूंना आमरसाची वाटी मिळाल्यासारखं होतं. ते साठणं पुढे वाट काढतं ती टाक्यांतूनच. म्हणून तुमच्या डॉक्टरांना उद्या राउंडला एवढंच विचारा: ड्रेनच्या, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीच्या, पाण्यातलं बिलिरुबिन तपासलं का? तिसऱ्या दिवसानंतर ते रक्तातल्यापेक्षा तिपटीने जास्त असेल तर पित्तगळती धरतात. ड्रेनची पिशवी तुम्हीही बघू शकता. फिकट पिवळं, पाण्यासारखं असेल तर बहुधा पोटातलं पाणी. गढूळ असेल आणि वास येत असेल तर पू. कडुनिंबाचा पाला वाटल्यासारखी हिरवट-पिवळी झाक असेल तर सिस्टरना त्या क्षणी बोलवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

यातच धमनीचं येतं. पित्तनलिकांना रक्त पोचतं ते फक्त यकृताच्या धमनीतून. ती तीन-चार मिलिमीटरची धमनी तुंबली तर यकृत कदाचित तगेल, पण नळ्या आतून कुजायला लागतात. म्हणून पहिले काही दिवस रोज डॉपलर, म्हणजे रक्त वाहतंय का ते दाखवणारी, सोनोग्राफी. आणि कुठल्याही कारणाने पुन्हा पोट उघडावं लागलं, रक्त साठलं म्हणून म्हणा, पित्त गळलं म्हणून म्हणा, की जखमेचा धोका एकदम वर जातो. बरी व्हायला लागलेली चीर पुन्हा उसवल्यावर दुसरं काय होणार.

ऑपरेशननंतरची औषधं तुम्हाला माहीत आहेत: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड. ती कोणाच्याही सांगण्यावरून, 'इन्फेक्शन आहे तर प्रतिकारशक्तीची गोळी कशाला मारता' असं म्हणून, घरच्या घरी बंद करू नका. कमी करायची असतात तेव्हा आम्ही मोजून कमी करतो. एव्हरोलिमस आणि सिरोलिमस या गटातली औषधं जखम भरू देत नाहीत, ती पहिला महिनाभर टाळतात. आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोलसारखं काही सुरू केलं असेल तर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, म्हणून ती पुन्हा तपासली का ते विचारा. स्टिरॉइडचा आणखी एक खोडकरपणा म्हणजे ताप दाबून ठेवणं. तुमच्या वडिलांना ताप नव्हता म्हणून सगळं ठीक वाटलं असं तुम्ही लिहिलं आहे. या पेशंटमध्ये तापाची वाट बघायची नसते. कातडी लाल होणं, दाबल्यावर दुखणं, टाक्याभोवती फुगणं, पट्टी भिजणं, नाहीतर नुसतंच माणूस गप्प गप्प होणं आणि जेवण टाकणं, एवढ्यावर उठायचं.

आता आत्या. भेटायला येणाऱ्यांनी हा क्लेब्सिएला आणला असण्याची शक्यता फार कमी. नीट शिवलेली जखम एक-दोन दिवसांत वरून बंद होते, त्यानंतर बाहेरचा जंतू सहसा आत जात नाही. तुमच्या वडिलांच्या पोटात पाणी होतं, ते टाक्यांतून झिरपत राहिलं असेल तर मात्र जखम मिटत नाही, वाट उघडी राहते, पण तरी आत शिरणारा जंतू बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातला नाहीतर वॉर्डातला असतो. पाहुण्यांना मी अडवतो ते सर्दी-खोकल्यासाठी, आणि हात न धुता कपाळावर हात ठेवणाऱ्यांसाठी. एकदा एका आजींनी पुडीतला अंगारा थेट टाक्यांवर लावलेला मी पाहिला आहे. त्यांना मी रागावलो नाही, पुडी उशाखाली ठेवायला सांगितली. हळदीचा लेपही नको, फुलांचा गुच्छही आयसीयूत नको, पाण्यात ठेवलेली फुलं म्हणजे जंतूंचं तळं. पण आत्याला दोष देऊ नका, तिने जेवणाचा डबा आणला तेव्हा तुम्ही दोन घास खाल्ले असाल.

रुग्णालयाबद्दल. पू आला एवढ्यावरून हलगर्जीपणा झाला असं मी म्हणणार नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत चीर देण्याआधीच बरेच पत्ते उलटे पडलेले होते: मेल्ड, डायलिसिस, मधुमेह, तीन आठवडे, भारी औषधं, पोटातलं पाणी. पण काही गोष्टी विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि चांगली टीम त्या सांगते. केस वस्तऱ्याने काढले की क्लिपरने? वस्तऱ्याने कातडीवर न दिसणाऱ्या जखमा होतात, म्हणून तो आता वापरायचा नसतो. साखरेचा तक्ता दाखवा म्हणा. पट्टी भिजल्यापासून कोणीतरी सीनियर येऊन टाके उघडून बघेपर्यंत किती तास गेले? पूचं कल्चर औषध बदलायच्या आधी पाठवलं का? सीटी कधी झाला? या उत्तरांत चार-चार दिवसांच्या फटी दिसल्या तर तुमचा राग योग्य आहे.

पुढे काय होईल ते सांगतो, म्हणजे दचकणार नाही. काही टाके काढून जखम मुद्दाम उघडी ठेवतील. बघायला भयंकर वाटतं, तुमच्या आईला त्या वेळी बाहेर बसवा. आत पू किंवा पित्त साठलेलं असेल तर सोनोग्राफीखाली नळी टाकून बाहेर काढतील. तो निचरा झाल्याशिवाय कितीही महागडं इंजेक्शन दिलं तरी उपयोग होत नाही. जंतूवरचं औषध कोलिस्टिन असेल तर मूत्रपिंडांवर डोळा ठेवावा लागेल, कारण टॅक्रोलिमसही तिथेच मार देतं. म्हणून आता एनडीएमसाठी सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अझट्रिओनाम ही जोडगोळी पुष्कळदा वापरतात. बिल बघून हबकाल. उघड्या जखमेवर स्पंज ठेवून हवा ओढणारं यंत्र लावतील कदाचित, त्याचा घुर्रघुर्र आवाज येत राहतो, तो बिघाड नव्हे.

रोजच्या ड्रेसिंगला जमलं तर स्वतः उभे राहा. सुरुवातीला तळ पिवळसर, बुळबुळीत, राखाडी दिसेल. मग एखाद्या दिवशी कडेला डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल, ओलसर कण दिसतील, गॉज लावला की चटकन टिपूसभर रक्त येणारे. ते दिसायला लागले की मी नातेवाइकांना हसून दाखवतो.

आणि आईच्या अंड्याचं. माळ काढायची काही गरज नाही. ६० किलो वजन धरलं तर दिवसाला ७० ते ९० ग्रॅम प्रोटीन लागेल. अंड्यातून प्रत्येकी ६ ग्रॅमच्या आसपासच मिळतं, तेव्हा ते नाही म्हणून काही अडत नाही. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, सोयाबीनचे वडे, उकळलेल्या दुधाचं पनीर, घरी लावलेलं ताजं दही, दोन-दोन तासांनी थोडं थोडं. रात्री झोपताना दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, साखर बघून. शेंगदाण्याचं कूट भाजीत घाला. मोड आलेली मटकी कच्ची नको, त्यात जंतू फार, नीट शिजवून उसळ चालेल. गणपतीत घरी पपनस येईल, ते मात्र बाबांच्या ताटात नको. त्याने टॅक्रोलिमसची पातळी चढते.